विरजणाचं माहेर

प्रेसपुऱ्यात एकशे बारा घरं होती. त्यांतली एकशे सात राहती, तीन कुलूपबंद, एक पडकं आणि एकात पिठाची गिरणी. राहत्या घरांपैकी सेहेचाळीस घरांत वऱ्हाडी बोलली जायची, सत्तावीस घरांत उर्दूकडे झुकणारी हिंदी, अकरा घरांत सिंधी, नऊ घरांत मारवाडी, आठ घरांत कच्छी, चार घरांत तेलुगू आणि दोन घरांत बंजाऱ्यांची गोरमाटी. देवळं दोन, मशीद एक, झुलेलालचं लहानसं मंदिर एक. विहिरी तीन, त्यांतली एक सिमेंटच्या झाकणाखाली. कडुनिंबाची झाडं एकोणीस. ही मोजणी सुचिताने पाच संध्याकाळी केली होती आणि सहाव्या दिवशी सकाळी पुन्हा एक फेरी मारली होती, कारण शाळेमागचं विसावं झाड कडुनिंब नसून बकाण निघालं होतं.

प्रेसपुरा म्हणजे खामगावच्या कडेला, जलंबच्या रस्त्याला लागून वाढलेली वस्ती. एका कच्छी शेटचा कापसाच्या गाठी बांधायचा प्रेस तिथे होता, त्यावरून हे नाव. १९६५ साली प्रेसच्या मागच्या जागेचे प्लॉट पडले आणि पहिली बारा घरं उभी राहिली. पुढे प्रेस बंद झाला, वस्ती मात्र पसरत गेली, आणि आता तर शहर तिला वळसा घालून पुढे निघून गेलं होतं. यंदा साठ वर्षं पूर्ण होत होती. रहिवासी समितीने स्मरणिका काढायचं ठरवलं होतं. तिच्यात 'आपला प्रेसपुरा' हा वस्तीच्या इतिहासाचा मुख्य लेख असणार होता, आणि तो लेख सुचिताला लिहायचा होता.

तिला तो फार लिहायचा होता. सुचिता चोवीस वर्षांची. अमरावतीला सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करून आली होती आणि एका खासगी डेअरीच्या प्रयोगशाळेत दुधाचे नमुने तपासत होती. पाच वर्षांची असताना, वडिलांनी, म्हणजे उत्तमरावांनी, डोणगावची वांगी-टोमॅटोची वाडी भावाकडे सोपवून खामगावच्या बाजारात भाजीचा गाळा घेतला, तेव्हा ती इथे आली. एकोणीस वर्षं झाली. पण वस्तीत तिची ओळख अजूनही 'गजूची बहीण, ते चष्मेवाली' एवढीच होती. लेखाखाली आपलं नाव छापून आलं की मग आपण इथल्या, असं तिला वाटायचं. हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं.

समितीचे अध्यक्ष नारायणराव घरी आले तेव्हा तिने अठरा पानांची फाइल त्यांच्यापुढे ठेवली. तक्ते होते, नकाशा होता, भाषांचा रंगीत आलेख होता. नारायणरावांनी चष्मा लावून पानं उलटली, एकोणीस कडुनिंबांपाशी थोडे थांबले आणि फाइल मिटली.

"पोरी, हे सारं बराबर हाय," ते म्हणाले. "पण हे वाचन कोन?"

"काका, एकही आकडा चुकीचा नाही."

"नसनच. मी चाळीस वर्सं प्रेसमधी गाठीवर नंबर टाकले. एक बी नंबर चुकला नाई. अन् आज एक बी गाठ मले याद नाई."

तेवढ्यात पूनम चहा घेऊन आली. पूनम ही सुचिताची वहिनी. गजेंद्रशी, म्हणजे गजूशी, लग्न होऊन तिला अकरा महिने झाले होते. माहेर बुलढाण्याचं, शिक्षण बी.ए., वय सुचिताएवढंच. कप ठेवता ठेवता ती म्हणाली, "काका, समोरच्या अम्मांची गोष्ट घ्या ना त्याच्यात. त्यांची माय पाकिस्तानातून विरजण घेऊन आली होती. ओढणीचा कोपरा दह्यात बुडवला, वाळवला अन् गाठ मारून कमरेले खोसला. इकडं छावणीत आल्यावर तोच कोपरा दुधात टाकला. आपल्या प्रेसपुऱ्याचं सारं दही त्याच गाठीचं हाय म्हणतात."

नारायणरावांनी कप बशीत परत ठेवला. "काय सांगतं! मले कसं नाई माहीत?"

"तुमी कारकून होते ना काका. बायका काय गाठीवर नंबर टाकते का?"

नारायणराव मोठ्याने हसले. मग त्यांनी पूनमला समोर बसवून आणखी विचारलं, आणि ती सांगत गेली. सुचिताची फाइल त्यांच्या मांडीवर होती; बोलता बोलता त्यांनी तिच्यावर चहाचा कप टेकवला. निघताना म्हणाले, "असं करा. दोघी बी लिहा. पंधरा दिवसांनी रविवारी समाजमंदिरात वाचा. ज्याचं लोकांले भावन, ते छापू."

फाइलवर कपाचा गोल डाग राहिला. सुचिता तो पुसत बसली.

वहिनी आल्यापासून हे असंच चाललं होतं. घरापासून किराणा दुकानापर्यंत दोनशे चाळीस पावलं. सुचिताला तीन मिनिटं लागायची. पूनमला पस्तीस, कारण तिला अकरा दारांतून हाका यायच्या. एका दारात लोणचं चाखायचं, दुसऱ्यात कोणाच्या सुनेचं गाऱ्हाणं ऐकायचं, तिसऱ्यात नुसतं उभं राहायचं. सुचिताने हे गच्चीवरून घड्याळ लावून पाहिलं होतं, आणि असं पाहिल्याबद्दल स्वतःचाच रागही तिला आला होता. सगळ्यात जास्त सलत होती ती समोरची ईश्वरीअम्मा. चौऱ्याऐंशी वर्षांची सिंधी म्हातारी, एकतीस नंबरचं घर, मधे फक्त बारा फुटांचा रस्ता. एकोणीस वर्षांत तिने सुचिताला ओढणीचं एक अक्षर सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सुचिताने तिला सरळ विचारलं. अम्मा ओट्यावर लसूण सोलत होती. साठ वर्षांत तिची बोली सिंधी, हिंदी आणि वऱ्हाडीची मिळून एक निराळीच झाली होती; लेकराला मात्र ती अजून सिंधीतच 'पुट' म्हणायची.

"मला का नाही सांगितलं, अम्मा?"

"तू कधी पूछा ही नाही, पुट. तू आली कापी घेऊन. घर में आदमी कितने, मैं बोली दो. नल कितने, मैं बोली एक. फिर तू गेली."

"मग वहिनीने काय विचारलं?"

"वो? वो तो कुछ पूछा ही नाही. बैठी, लसूण सोला."

सुचिता उभीच होती. बसावं असं तिला वाटलं, पण आता बसली असती तर ते वहिनीसारखं करणं झालं असतं. ती निघून आली.

त्या दिवशी तिने ठरवलं की पूनमची गोष्ट तपासायची. सगळं दही एकाच गाठीचं? बघूच. वाळवलेल्या कापडात विरजणातले जिवाणू काही दिवस तग धरू शकतात, हे तिला माहीत होतं, आणि हे शक्य आहे याचाच तिला राग येत होता. पण साठ वर्षांत इतक्या घरांत ती साखळी कुठेतरी तुटलेली असणारच. ती जागा सापडली की गोष्ट संपली.

मग ती निर्जंतुक केलेल्या बाटल्या पिशवीत घालून दारोदार फिरली. या वेळी प्रश्न एकच होता: तुमच्याकडचं विरजण कोणाकडून आलं? नळांबद्दल तुटक बोलणारी माणसं या प्रश्नाला पाट मांडून बसली. अठ्ठावन्न नंबरच्या नसीमखालाने तर तिला तासभर उठूच दिलं नाही.

"अवं, पहले पहले कोई किसी के घर का खाता था क्या?" खाला म्हणाली. "सात जबान के बारा घर. कोई गोश्तवाला, कोई प्याज भी नहीं खाता. एकमेकाचं पाणी सुदा चालत नव्हतं. पण दूध आटून जायचं, दही कसं लावणार? तो अम्मा ने फैसला किया. विरजण म्हणजे काही जेवण नाही. एक चमचा है. चमच्याले कोनती जात?"

म्हणून प्रेसपुऱ्याची रीत पडली ती अशी: नवं घर आलं की त्या घरच्या बाईने वाटी घेऊन परक्या भाषेच्या घरी जायचं. आपल्या लोकांकडे येणं-जाणं असतंच, त्यांच्याकडून घ्यायचं नाही. देणारी विचारणार, 'कोणाच्या हातचं?', घेणारी म्हणणार, 'तुमच्या', आणि ते घर तिचं वस्तीतलं माहेर ठरणार. दिवाळीला तिथून चोळीचा खण यायचा, बाळंतपणात डिंकाचे लाडू. नवी सून आली की तिनेही महिन्याभरात आपलं माहेर निवडायचं. मग सासूचं जुनं विरजण ताकात जायचं. चमच्यानंतर हळूहळू भाजीची वाटी गेली, मग ताट गेलं. तेलुगू गवंड्याची बायको पद्मक्का, तिच्या मुलीच्या लग्नात कच्छी शेटाणी पंगतीत वाढायला होती म्हणे.

"तेरी अम्मी मेरे पास आयी थी," खाला म्हणाली. "दरवाजे में खडी, डोईवर पदर, तोंडातून शब्द नाही. मैं ने पूछा, गुंगी है क्या? तर म्हणते, विरजण पायजे. मैं हसी तो वो भी हसी. तू तिच्या मागं, नाक वाहत."

सुचिताने लिहून घेतलं: गीताबाई (आई), नसीमखालाकडून, २००६. नसीमखालाला पद्मक्काकडून मिळालेलं, आणि पद्मक्काला थेट अम्माकडून. नाकाचं तिने लिहिलं नाही. आपल्या घराच्या आजच्या विरजणाचा रकाना तर तिने न विचारताच भरला: पूनम, अम्माकडून. घरात काय आहे हे तिला ठाऊकच होतं.

दहा दिवसांत चित्र तयार झालं. एकशे सात घरांपैकी बारा घरं दही लावत नव्हती. चव्वेचाळीस घरांत पाकिटाचं दही येत होतं. उरलेल्या एकावन्न घरांपैकी अडतीस घरांची रेघ मागे जात जात एकतीस नंबरला पोचत होती. मोठ्या कागदावर तिने त्याचं झाड काढलं. ते सुंदर दिसत होतं, आणि वहिनीची गोष्ट खरी ठरवत होतं. कागदाकडे बघताना तिचा जीव जळत होता.

शेवटचा नमुना अम्माचा राहिला होता. तो घेऊन तिने प्रयोगशाळेत काचपट्टीवर लावला, रंग दिला, सूक्ष्मदर्शकाखाली धरला. बाकी घरगुती नमुन्यांत सगळी सरमिसळ होती: आखूड काड्या, लांब काड्या, गोल कणांच्या माळा, मधूनच यीस्टचे फुगीर ठिपके. अम्माच्या नमुन्यात फक्त दोन जाती होत्या, स्वच्छ, एकसारख्या. हे दृश्य सुचिता रोज बघायची. तिच्याच डेअरीच्या पाकिटात ते असायचं.

संध्याकाळी ती एकतीस नंबरला गेली. अम्माचा मुलगा दुकानात होता. घरात म्हातारी एकटीच.

"अम्मा, हे पाकिटाचं आहे का?"

अम्माने आधी दार लोटलं. मग खाटेवर बसली आणि तिला शेजारी बसायला लावलं. सुचिता या वेळी बसली.

"कोरोना में," अम्मा म्हणाली. "मी आणि मुलगा, दोघं दवाखान्यात. अठरा दिवस. घर बंद. परत आली तर मडकं सुखा, हिरवं. धो डाला. चार साल झाले."

"मग कोणाकडून तरी मागायचं ना. एवढ्या घरांत आहे."

"मी? मी वाटी घेऊन जाऊ?" म्हाताऱ्या डोळ्यांत पाणी आलं ते रागाचं होतं. "सब को मैं ने दिया. मैं किस मुँह से जाऊँ? पूनम आयी लेने को, नवी दुल्हन, मी तिला ना कसं म्हणू? पाकिट का दिया. बहुत शरम लगी." मग तिने सुचिताचा हात घट्ट धरला. "किसी को नाही बोली मैं. मुलाला सुदा नाही. तू समझदार है, शिकलेली है. बोलना मत, पुट."

सुचिता "नाही" म्हणाली. अम्माने जे पूनमला सांगितलं नव्हतं, ते तिला सांगितलं होतं. घरी आल्यावर तिने पूनमकडे पाहिलं. ती पोळ्या लाटत गुणगुणत होती. अकरा महिने मिरवतेय, सुचिताच्या मनात आलं, आणि मिरवतेय काय, तर चौकातल्या दुकानातलं पाकीट. त्या क्षणी तिला जे वाटलं त्याला आनंदच म्हणावं लागेल.

रविवारी सकाळी समाजमंदिरात साठ-सत्तर माणसं जमली. अम्माला पुढच्या रांगेत खुर्ची दिली होती. आधी पूनमने वाचलं. चार पानंच होती. ओढणीची गाठ, बारा घरं, जात नसलेला चमचा, आणि शेवटी ती स्वतः: वाटी घेऊन अम्माच्या दारात गेली तेव्हा आपल्याला बुलढाण्याच्या आईची आठवण आली, हे. नसीमखालाने डोळे पुसले. नारायणरावांनी नाक शिंकरलं. अम्मा मान खाली घालून बसली होती. लोकांना वाटलं, लाजली.

मग सुचिताने भिंतीवर झाडाचा कागद लावला आणि सगळं नीट समजावून सांगितलं. लोक आपापल्या घराचं नाव शोधायला पुढे आले, बोटं ठेवून बघू लागले, कौतुक करू लागले. ते सगळं पाच मिनिटं छान चाललं.

"झ्याक!" नारायणराव म्हणाले. "म्हंजे पूनमची गोष्ट खरी निघाली. असं करू, लेख पूनमचा अन् हे झाड त्याच्या बाजूले छापू. डिझाइन म्हणून."

"डिझाइन नाही ते," सुचिता म्हणाली.

"बरं, चित्र म्हनू."

कोणीतरी हसलं. पूनमही हसली, कदाचित सहजच. सुचिताला पुढचं नंतर कधीच धड आठवलं नाही, फक्त आपला आवाज फार स्पष्ट आला एवढं आठवलं.

"लेखातली एक गोष्ट चुकीची आहे. वहिनीकडे अम्माचं विरजण नाही. अम्माकडचं विरजण चार वर्षांपूर्वीच मेलं. तेव्हापासून त्या पाकिटाचं दही लावतात, आणि वहिनीला दिलं तेही पाकिटाचंच. मी तपासलंय."

अम्मा उठली. खुर्चीच्या पाठीला धरून वळली, कोणाकडेही न बघता चालू लागली. तिला दारापर्यंत पोचायला बराच वेळ लागला. पूनम तिच्यामागे गेली. उंबऱ्याशी जाऊन ती मागे वळली आणि नारायणरावांना म्हणाली, "काका, माह्या लेखात चूक हाय. तो छापू नोका. ताईंले लिहू द्या."

अशा रीतीने 'आपला प्रेसपुरा' सुचिताला मिळाला.

घरी गीताबाई, तिची आई, भाजी निवडत होती. बातमी तिच्याआधी घरी पोचली होती. "मिळालं ना तुले पायजे होतं ते?" एवढंच ती म्हणाली, आणि मेथीची जुडी अशी पिळली की पानं गळून पडली.

आठवडाभर सुचिता लिहायला बसत होती. पहिली ओळ अम्माची असायला हवी, हे तिलाही कळत होतं. पण अम्माचं दार बंद होतं. ओट्यावरची चटई उचललेली होती. दुकानाकडे जाताना दारं नेहमीपेक्षा जास्त गप्प वाटायची. एका दारात दोघी बोलत असायच्या आणि सुचिता दिसली की भाजीच्या भावावर यायच्या. तिकडे पूनमला मात्र आधीसारख्याच हाका येत होत्या. लेख हातातून गेला तरी तिचं काही कमी झालं नव्हतं, हे सुचिताला सगळ्यात जास्त लागलं. एखाद्याने जिंकलेली वस्तू आपल्याला देऊन टाकावी आणि जिंकणं स्वतःकडे ठेवावं, तसं.

शनिवारी तिने आईला विचारलं, "विरजण मेलं तर काय करतात? रीत काय आहे?"

गीताबाई म्हणाली, "ज्या बाईले शेवटी देल्लं, तिच्याकडूनच परत घ्या लागते. लेकीकडून घेतल्यावानी. त्याच्यात लाज नसते."

"म्हणजे वहिनीकडून. पण तिच्याकडचं तर पाकिटाचंच आहे."

"तुले कोनं सांगतलं?"

"अगं, मी तपासलं..."

"साऱ्या गावाचं तपासलं. आपल्या घरचं जाळीचं कपाट उघडून पायलं का कधी?"

सुचिताने कपाट उघडलं. आत दोन भांडी होती. एक स्टीलचा डबा, आणि त्याच्या मागे आईचं जुनं चिनी मातीचं भांडं, कडेला टवका उडालेलं, पांढऱ्या फडक्याने झाकलेलं. दोन्हींत ताजं दही होतं.

"पूनम आली तवा मी म्हटलं, आता तुह्यं विरजण आलं, माह्यं टाकून दे," गीताबाई म्हणाली. "थे म्हने, आई, तुमचं बी राहू द्या. रोज दोन दोन लावते. तू रोज खाते दोन्ही, अन् तुले पत्ता नाई."

एकोणीस कडुनिंब मोजले, सुचिताला वाटलं. आणि घरातली दोन भांडी नाहीत.

पूनम मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती. सुचिता तिच्यासमोर जाऊन उभी राहिली, हातात रिकामी वाटी. बरेच शब्द जुळवून आणले होते, ते वाटीसारखेच रिकामे वाटले.

"वहिनी, आईच्या भांड्यातलं एक चमचा विरजण द्या. अम्माला न्यायचंय."

पूनमने चादर झटकली. थेंब सुचिताच्या चष्म्यावर उडाले.

"तुमाले माह्यासंग जिंकाचं होतं ना, ताई?"

सुचिताने चष्म्यावरचे थेंब बोटाने पुसले.

"मग मले हरवाचं होतं. मी काही मेली नसती. तिले काऊन? तिनं तुमच्यावर भरोसा ठेवला. मले बी नाई सांगतलं तिनं. तुमाले सांगतलं."

हे ऐकून सुचिताच्या लक्षात आलं की पूनमच्या आवाजात काहीतरी ओळखीचं आहे. हे तिने स्वतःच्या आवाजात खूप वेळा ऐकलं होतं. वहिनीलाही ते लागलं होतं: अम्माने आपल्याला नाही, हिला सांगितलं. एकीकडे तिला वाईट वाटलं, आणि दुसरीकडे, लपवून ठेवावं असं थोडं बरंही वाटलं.

पूनमने हात पुसले, आत जाऊन वाटी भरून आणली आणि पदराने कड पुसून तिच्या हातात दिली. "मी येत नाई," ती म्हणाली. "घेणारीनं न्यायची रीत हाय. पण तिची हिंमत होनार नाई. तुमीच न्या."

रविवारी सकाळी साडेनऊला सुचिताने एकतीस नंबरची कडी वाजवली. बऱ्याच वेळाने दार उघडलं. अम्माने वाटीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. आत ये म्हटलं नाही, पण दारही लावलं नाही.

"अम्मा, मी चुकले," सुचिता म्हणाली. "तुम्ही बोलू नको म्हटलं आणि मी बोलले. वहिनीला खाली दाखवायचं होतं म्हणून."

"मालूम है मेरे को."

"हे तुमचंच आहे. तुमच्याकडून पद्मक्काकडे, पद्मक्काकडून नसीमखालाकडे, तिथून आईकडे. कुठेही तुटलेलं नाही."

म्हातारीने वाटी घेतली नाही. देणारीने घेणारीला विचारायचं असतं. आज उलटं होतं, पण प्रश्न तोच होता. "किसके हाथ का?"

आईचं, असं म्हणता आलं असतं. ते खोटंही ठरलं नसतं, भांडं आईचंच होतं. कागदावरच्या झाडातही नसीमखालापुढे आईचंच नाव होतं. तिने वाटीतल्या पांढऱ्या चमचाभराकडे पाहिलं.

"पूनमवहिनीच्या हातचं," ती म्हणाली. "रोज ती लावते. तिनेच जपलंय."

अम्माच्या चेहऱ्यावर हसू आलं, सगळं सुरकुत्यांचं, आणि ते हसू सुचितासाठी नव्हतं. "अच्छी लडकी है," अम्मा म्हणाली. "मैं पहले दिन से बोलती थी." तिने वाटी घेतली आणि दार पूर्ण उघडलं. सुचिता आत गेली. ते वाक्य तिला टोचत होतं, आणि ती तशीच गेली.

दूध तापवून झालेलं होतं. कोमट होईपर्यंत अम्मा खाटेवर बसली आणि सुचिता खाली, लसणाच्या परडीपाशी. तिने वही काढली नाही. एक गड्डा उचलला आणि सोलू लागली. चार पाकळ्या झाल्या असतील, तेव्हा अम्मा आपणहून बोलायला लागली. गाडी, छावणी, आईची ओढणी. सगळं पूनमच्या लेखातल्याच क्रमाने आलं, बऱ्याच ठिकाणी तेच शब्द. सुचिताला आठवत होतं कुठे नसीमखालाने डोळे पुसले होते. ती दुसऱ्यांदा ऐकणारी होती, हे तिला प्रत्येक वाक्यागणिक कळत होतं. तिने मधे एकदाही प्रश्न विचारला नाही. दहा वाजता अम्माने दुधात बोट बुडवलं, मान हलवली. सुचिताने पर्समधून तापमापी काढली तेव्हा म्हातारी कौतुकाने हसली आणि तिला ती बुडवू दिली.

नंतर तिने वहीत लिहिलं: दूध चारशे मिलिलिटर. विरजण घालताना तापमान एकेचाळीस अंश, खोलीचं तेहेतीस. दही पाच तास पंचवीस मिनिटांनी लागलं. आम्लता शून्य पूर्णांक अडुसष्ट शतांश टक्के.